चालत्या गाडीतील उपग्रह रेडिओ : सोलापूर परिसरातील चाचणीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, 3 डिसेंबर 2023

चालत्या गाडीत उपग्रहावरून थेट रेडिओ ऐकण्याची सेवा आज भारतात उपलब्ध नाही. तरीही या प्रकल्पाचा विषय तोच आहे. सेवाच नसेल तर चाचणी कशाची घ्यायची, हा प्रश्न भाऊजींनी पहिल्याच बैठकीत विचारला आणि तो रास्त होता. माझे म्हणणे असे की, उपग्रह रेडिओ गाडीत नीट चालेल की नाही हे कार्यक्रमांवर अवलंबून नसते. गाडीच्या टपावरील अँटेनासमोर उपग्रह किती वेळ सलग मोकळा राहतो आणि मध्ये किती वेळ झाकला जातो, यावर ते ठरते. ही आडकाठी मोजता आली, तर सोलापूरच्या रस्त्यांवर अशी सेवा कितपत टिकली असती हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.

पार्श्वभूमी आजच लिहून ठेवतो. भारतात उपग्रह रेडिओ एकदा येऊन गेलेला आहे. नोआ समारा यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या वर्ल्डस्पेस या कंपनीचा एशियास्टार हा उपग्रह मार्च 2000 मध्ये एरियान-5 अग्निबाणाने अवकाशात गेला, आणि त्याच उड्डाणात आपला इन्सॅट-3बी हा उपग्रहही होता. एशियास्टार 105 अंश पूर्व रेखांशावर स्थिर होता व 1467 ते 1492 मेगाहर्ट्झ या एल-बँडमध्ये प्रक्षेपण करत असे. हिंदुस्थानी संगीतासाठी ‘गंधर्व’ आणि कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’ अशा चोवीस तासांच्या वेगळ्या वाहिन्या त्याच्यावर होत्या. ज्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात, तेथे या सोयीचे मोल निराळे सांगायला नको. कंपनीच्या जगभरातील ग्राहकांपैकी बहुसंख्य भारतात होते. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील सेवा बंद झाली.

भाऊजींकडे त्या काळातील बीपीएलचा संच अजून आहे. संचात बिघाड कोणताही नाही. दिवा लागतो, पडद्यावर शोध चालू असल्याचे दिसते, मात्र सापडण्यासारखे वर काही उरलेले नाही. त्या संचाचा वहीएवढा चपटा अँटेना खिडकीत आकाशाच्या दिशेने रोखून ठेवावा लागे. म्हणजे ती सेवा मुख्यतः घरात बसून ऐकण्याची होती. गाडीतील उपग्रह रेडिओ खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिकेत. तेथे एक्सएम या कंपनीने 2001 मध्ये आणि सिरियस या कंपनीने 2002 मध्ये सेवा सुरू केली, 2008 मध्ये दोघी एक झाल्या, आणि आज ती सेवा 2320 ते 2345 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. भाची न्यू जर्सीत असते व तिच्या गाडीत हा रेडिओ आहे. तिने कळवलेली एक गोष्ट या प्रकल्पाचे मूळ ठरली : पुलाखालून गाडी वेगात गेली तर गाणे तुटत नाही, पण पेट्रोल पंपाच्या छताखाली उभी राहिली की आवाज बंद होतो.

मंगळवार, 5 डिसेंबर 2023

मोजमापाची पद्धत निश्चित केली. विमानांच्या मार्गदर्शनासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही प्रणाली जीपीएसच्या दुरुस्तीचे संदेश भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांवरून पाठवते. हे संदेश 1575.42 मेगाहर्ट्झवर, म्हणजे वर्ल्डस्पेसच्या पट्ट्याच्या अगदी शेजारी येतात, आणि साधे जीपीएस मॉड्यूलही ते पकडू शकते. प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद मॉड्यूल दर सेकंदाला सांगते. तेव्हा कार्यक्रम ऐकू येणार नसले, तरी त्याच जातीच्या लहरी त्याच प्रकारच्या कक्षेतून गाडीच्या टपापर्यंत कशा पोहोचतात हे आपल्याला सेकंदागणिक नोंदता येईल.

गगनचे तीन उपग्रह असे : 55 अंश पूर्वेला जीसॅट-8, 83 अंशांवर जीसॅट-10 आणि 93.5 अंशांवर जीसॅट-15. सोलापूरचा अक्षांश सुमारे 17.7 व रेखांश 75.9 धरून त्यांची आकाशातील जागा काढली. जीसॅट-8 नैर्ऋत्येला क्षितिजापासून 58 अंश उंचीवर येतो, जीसॅट-10 दक्षिणेच्या किंचित पूर्वेला 68 अंशांवर, आणि जीसॅट-15 बरोबर आग्नेयेला 61 अंशांवर. एशियास्टार आज असता तर आग्नेयेकडेच, परंतु 51 अंशांवर दिसला असता.

येथे एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कसारख्या शहरातून 85 अंश पश्चिमेवरचा भूस्थिर उपग्रह जेमतेम 42 अंश उंचीवर दिसतो आणि उत्तरेकडे जावे तसतसा तो आणखी खाली उतरतो. सिरियसने म्हणूनच आरंभी भूस्थिर कक्षा टाळून लंबवर्तुळाकार कक्षेत तीन उपग्रह ठेवले होते; त्यांपैकी कोणते ना कोणते उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर उंच राहत. आपल्याला तो खटाटोप करण्याचे कारणच नाही, कारण विषुववृत्त जवळ असल्यामुळे भूस्थिर उपग्रह येथे मुळातच उंच आहेत. शेजारून जाणाऱ्या मालट्रकचे उदाहरण घ्या. ट्रकची उंची चार मीटर आणि आपल्या टपावरचा अँटेना दीड मीटरवर धरला, तर 58 अंशांवरचा उपग्रह झाकण्यासाठी ट्रक दीड-पावणेदोन मीटरच्या आत यावा लागतो. 40 अंशांवरचा उपग्रह मात्र तोच ट्रक तीन मीटर अंतरावरूनही झाकतो.

रविवार, 10 डिसेंबर 2023

मॉड्यूल बसवले. हे काम एका दिवसाचे नव्हते, पण तपशील सगळे येथेच देतो.

मॉड्यूलच्या कारखान्यातून आलेल्या शोधयादीत गगनचा 132 हा क्रमांक, म्हणजे जीसॅट-15, नव्हता. तो संगणकावरून हाताने घालावा लागला. 127 आणि 128 हे अनुक्रमे जीसॅट-8 व जीसॅट-10 चे क्रमांक यादीत होते. मॉड्यूलमधून बाहेर पडणाऱ्या एनएमईए मजकुरात (जीपीएस संचांच्या ठरलेल्या नमुन्यातील ओळींत) मात्र हे क्रमांक जसेच्या तसे येत नाहीत. त्यांतून 87 वजा केलेले असतात, म्हणून दिसणाऱ्या उपग्रहांची माहिती देणाऱ्या जीएसव्ही या ओळींमध्ये 40, 41 आणि 45 असे शोधावे लागते. प्रत्येक क्रमांकापुढे उंचीचे अंश, दिशेचे अंश आणि सिग्नलची ताकद अशा तीन संख्या असतात. आजच्या नोंदीतील एक ओळ समोर आहे : 45, 61, 134, 40. म्हणजे जीसॅट-15 हा 61 अंश उंच, 134 अंश दिशेला आणि 40 डीबी-हर्ट्झ (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) ताकदीने मिळत होता. कागदावर काढलेले अंश आणि मॉड्यूलने स्वतः दिलेले अंश जुळल्याने पुढचे काम निर्धास्त झाले.

अँटेना प्रथम डॅशबोर्डवर ठेवून पाहिला. गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असताना तिन्ही उपग्रह पाठीमागे जातात व टपाचा पत्रा आडवा येतो. जीसॅट-10 कसाबसा 31 पर्यंत मिळाला आणि इतर दोन गायब झाले. गाडी फिरवून दक्षिणेकडे तोंड केल्यावर सगळे परत आले. गाडीने कोणत्या दिशेला जावे हे रेडिओने ठरवावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, म्हणून चुंबकाचा तळ असलेला अँटेना टपाच्या मध्यभागी चिकटवला. खालचा पत्रा अँटेनाला उपयोगीच पडतो. वायर मागच्या दरवाज्याच्या रबरी बीडिंगमधून आत घेतली. बीडिंगच्या खालच्या कोपऱ्यातून घेतल्यास ती चेमटत नाही आणि पाणीही आत येत नाही.

होटगी रस्त्यावर मोकळ्या जागी गाडी उभी करून बराच वेळ नोंद घेतली. जीसॅट-8 सरासरी 39, जीसॅट-10 सरासरी 41, जीसॅट-15 सरासरी 40. यापुढे 30 च्या खाली गेलेला सेकंद ‘तुटलेला’ धरायचा असे ठरवले. ही मर्यादा आमची आम्ही मानलेली आहे. प्रत्यक्ष रेडिओसेवेची मर्यादा तिच्या प्रक्षेपणशक्तीवर व संकेतपद्धतीवर ठरते, त्यामुळे या प्रयोगातून आडकाठीचा अंदाज मिळेल, आवाजाच्या दर्जाचा मिळणार नाही.

बुधवार, 13 डिसेंबर 2023

भाऊजींचा आग्रह होता की, खरोखर आवाज देणारा उपग्रह एकदा तरी गाडीला जोडून पाहावा. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या विनाशुल्क मिळतात, आणि योगायोग असा की त्या जीसॅट-15 वरूनच येतात. तिकाटण्यावर छत्री लावली, सेट टॉप बॉक्सला इन्व्हर्टरवरून वीज दिली, आवाजाची वायर गाडीच्या ऑक्स खोबणीत घातली. विविध भारती अत्यंत स्वच्छ लागली.

मग छत्री हाताने हळूहळू फिरवून पाहिली. दोनेक अंश सरकताच गुणवत्तेचा पट्टा कोसळतो. 60 सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत 11 गिगाहर्ट्झच्या आसपास सुमारे तीन अंशांचाच असतो, आणि गाडी साधी लेन बदलताना त्याहून जास्त वळते. चालत्या गाडीसाठी हा मार्ग येथेच संपला. रात्रीच्या मुक्कामाला ढाब्यावर थांबणाऱ्या ट्रकचालकास तो उपयोगी आहे, आणि काहीजण तो वापरतातही.

रविवार, 17 डिसेंबर 2023

पुणे महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत आलो. गाडी भाऊजींनी चालवली, नोंदवही व संगणक माझ्याकडे होता. आजचा दिवस सर्वांत जास्त शिकवणारा ठरला.

जुना पुणे नाका सोडून बाळे ओलांडून पुढे निघाल्यावर आकाश दोन्ही बाजूंनी मोकळे आहे. चौपदरीकरणात जुनी वडा-कडुनिंबाची झाडे गेली त्याची हळहळ आहेच, पण उपग्रहाच्या दृष्टीने रस्ता निर्वेध झाला, हेही नोंदवले पाहिजे. जेथे कडेला झाडे उरली आहेत तेथे एक मजेशीर फरक दिसला. जाताना जीसॅट-8 वारंवार 30 च्या खाली जात होता आणि येताना त्याच टप्प्यावर तो स्थिर होता. कारण सरळ आहे. पुण्याकडे जाणारी गाडी वायव्येला तोंड करून रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे कडेची झाडे तिच्या नैर्ऋत्येला येतात आणि जीसॅट-8 नेमका नैर्ऋत्येला आहे. परतीच्या वाटेवर डाव्या बाजूची झाडे ईशान्येला जातात. त्या दिशेला आपला एकही उपग्रह नाही. जीसॅट-15 तर परतताना थेट समोरच्या काचेच्या वर असतो. हे कळल्यावर भाऊजी म्हणाले, “म्हणजे मेहुणे, पुण्याला जाताना गाणी तुटणार आणि घरी येताना नीट लागणार. आपल्या सोयीचंच आहे की.”

गंमत बाजूला ठेवली तरी तात्पर्य असे निघते की एकाच उपग्रहावर विसंबलेली सेवा रस्त्याच्या दिशेप्रमाणे कमी-अधिक तुटेल. दोन उपग्रह आकाशात एकमेकांपासून दूर असतील तर ज्या झाडाने एक झाकला जातो त्याने दुसरा सहसा झाकला जात नाही. एक्सएमने 85 आणि 115 अंश पश्चिमेला दोन उपग्रह ठेवले ते याच हेतूने. आपल्या नोंदीतही झाडांच्या टप्प्यात जीसॅट-8 आणि जीसॅट-15 हे दोन्ही एकाच सेकंदाला तुटल्याचे क्वचितच आढळले.

हंगाम उसाचा असल्यामुळे मोहोळच्या पुढे उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सतत भेटत होते. बाहेर लोंबणारा ऊस टपाला घासेल इतक्या जवळून ओलांडावे लागते, आणि तेवढ्या जवळीकीतच सिग्नल एक-दोन सेकंद खाली गेला. एरवी मालट्रकचा परिणाम शून्य. 5 तारखेच्या गणिताला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

पुलांबद्दल. महामार्गावर आडव्या जाणाऱ्या पुलाखालून ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. पुलाची रुंदी 25 मीटरच्या घरात धरली तर सावली एक-सव्वा सेकंदाची होते. नोंदीत मात्र तूट दोन ते तीन सेकंदांची दिसते. जास्तीचा वेळ मॉड्यूलला तुटलेला सिग्नल पुन्हा पकडण्यासाठी लागतो. तो पुलाच्या खाती लिहिणे चुकीचे होईल. रेडिओसंचालाही असा पुनर्ग्रहणाचा वेळ लागतोच, म्हणून आकडे आहेत तसेच ठेवले आणि शेजारी ही टीप लिहिली.

मंगळवार, 19 डिसेंबर 2023

भाचीच्या गाडीत पुलाखाली गाणे का तुटत नाही, याचे उत्तर नोंदींवर ताडून पाहिले. अमेरिकेतील पद्धतीत एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून पाठवतात, परंतु दुसऱ्यावर तो सुमारे चार सेकंद उशिरा सोडतात. गाडीतील संच पहिल्याचा आवाज स्मृतीत साठवून चार सेकंद मागे राहूनच वाजवतो. मधला तुकडा पुलाखाली हरवला असेल, तर चार सेकंदांनी दुसऱ्या उपग्रहावरून तोच तुकडा येतो आणि जागेवर बसवला जातो. ऐकणाऱ्याला काही हरवले होते याचा पत्ता लागत नाही.

आपल्या नोंदीवर ही रीत लावण्यासाठी संगणकावर साधा नियम केला : एखाद्या सेकंदाचा आवाज ‘मिळाला’ असे तेव्हाच मानायचे, जेव्हा त्या सेकंदाला जीसॅट-8 मोकळा असेल किंवा त्यानंतर चार सेकंदांनी जीसॅट-15 मोकळा असेल. टेंभुर्णीच्या पूर्ण फेरीला हा नियम लावल्यावर पुलांच्या सगळ्या तुटी पुसल्या गेल्या. झाडांच्या तुटीही गेल्या. उरली ती एकच लांब तूट, आणि ती टेंभुर्णीत पेट्रोल पंपाच्या छताखाली गाडी उभी असतानाची होती. न्यू जर्सीची तक्रार सोलापूर जिल्ह्यात शब्दशः खरी ठरली.

यातून वेगाबद्दलची समजूत उलटी होते. गाडी जितकी वेगात तितका रेडिओ तुटेल असे सामान्यतः वाटते. वास्तविक चार सेकंदांत ताशी 60 च्या वेगाने 67 मीटर मागे पडतात, त्यामुळे कोणताही पूल सहज पार होतो. ताशी 10 च्या वेगाने केवळ 11 मीटर होतात. या पद्धतीचा शत्रू वेग नाही, आडोशाखाली थांबणे हा आहे.

रविवार, 24 डिसेंबर 2023

शहरातील फेरी. सात रस्त्यापासून पार्क चौक, तेथून नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक आणि परत किल्ल्याच्या बाजूने सिद्धेश्वर तलावाकडे.

सात रस्ता ते पार्क चौक हा रुंद रस्ता असल्याने तुटी किरकोळ आहेत. नवी पेठेत शिरल्यावर चित्र पालटले. सहा मीटर रुंदीच्या गल्लीत मधोमध गाडी असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती तीन मीटरवर येतात, आणि 60 अंशांवरचा उपग्रह दिसण्यासाठी इमारत पावणेसात मीटरपेक्षा उंच असून चालत नाही. म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. पेठेत त्यावर किमान आणखी एक मजला आणि दुकानाच्या पाट्या आहेतच. परिणामी सिग्नल मिनिट-मिनिट नाही, आणि मिळाला तर गल्लीच्या दिशेवर. गल्ली आग्नेय-वायव्य असेल तर जीसॅट-15 तिच्या सरळ रेषेत येऊन 35 च्या वर टिकतो, आडव्या गल्लीत वळताच तो जातो. मधल्या मारुतीजवळ गर्दीत गाडी उभीच राहिली, आणि चार सेकंदांच्या उधारीचा काही उपयोग झाला नाही.

अमेरिकेतील कंपन्यांनी मोठ्या शहरांत उंच इमारतींवर भूस्थित पुनर्प्रक्षेपक बसवले ते याचसाठी. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम तेथून पुन्हा शहरभर सोडला जातो. हा पुनर्प्रक्षेपक गाडीतील उपग्रह रेडिओचा अर्धा भाग आहे असे आता माझे मत झाले आहे, आणि जाहिरातीत त्याचे नाव कधीच नसते. भारतात ही गोष्ट तांत्रिक इतकीच परवान्याचीही आहे, कारण जमिनीवरून प्रक्षेपण करताच तो विषय एफएम परवान्यांच्या क्षेत्रात शिरतो. सोलापूरच्या जुन्या पेठांचा विस्तार पाहता एक-दोन उंच जागा पुरल्या असत्या, असा माझा अंदाज आहे.

तलावाच्या कडेने येताना तिन्ही उपग्रह पूर्ण ताकदीने मिळाले.

रविवार, 31 डिसेंबर 2023

विजयपूर रस्ता. आज उपग्रहाच्या नोंदीबरोबर गाडीतील नेहमीचे मार्गही तपासले : एफएम, मध्यम लहरी, आणि मोबाइल डेटावर आकाशवाणीचे न्यूजऑनएअर ॲप.

सोलापूरचे एफएम हत्तुरपर्यंत निर्दोष होते, मंद्रूपच्या पुढे त्यात खरखर मिसळू लागली, आणि टाकळीला भीमा ओलांडून कर्नाटकात शिरल्यावर थोड्याच वेळात ते कानडी केंद्राखाली दबले. एफएमची ही मर्यादा सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यम लहरींवर पुणे 792 किलोहर्ट्झ दिवसा क्षीण येत होते, तर धारवाड 765 दक्षिणेकडे जावे तसे सुधारत गेले. मध्यम लहरींचा खरा वैरी अंतर नाही, वीज आहे. सोलापूर हे उच्चदाब वाहिन्यांचे मोठे ठाणे आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे बरोबर दहा वर्षांपूर्वी, रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाल्यावर दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेने जोडले गेले. मंद्रूपच्या अलीकडे रस्त्यावरून गेलेल्या एका उच्चदाब वाहिनीखाली 792 वर नुसता गोंगाट झाला. त्याच सेकंदांना गगनचे तिन्ही आकडे जरासुद्धा हलले नाहीत.

ॲपचा आवाज स्वच्छ होता. तथापि हद्दीच्या आसपास दोनदा तो थांबून गोल चक्र फिरत राहिले, आणि ते चक्र चार सेकंदांत संपणारे नव्हते. एफएमवर लागलेला कार्यक्रम ॲपवर पुष्कळ मागून ऐकू येतो, हेही दोन्ही शेजारी-शेजारी लावल्यावर लक्षात आले. उपग्रहाला लागणारा वेळ त्यामानाने नगण्य आहे : 36 हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली, मिळून पाव सेकंद.

या रस्त्यावर चार सेकंदांचा नियम लावल्यावर चालत्या गाडीत एकही तूट उरली नाही. भाषा बदलली, राज्य बदलले, मोबाइलचा मनोरा बदलला. आकाशातील तीन क्रमांक तेच राहिले. लांबच्या प्रवासात उपग्रह रेडिओचा जो मोठेपणा सांगितला जातो तो हाच असावा, आणि मोजमापाअंती तो अतिशयोक्त वाटत नाही.

रविवार, 7 जानेवारी 2024

तुळजापूर घाट. घाटात सिग्नल जाणार याबद्दल आम्हां दोघांचीही खात्री होती, पण तो गेला नाही. बालाघाटाची ही चढण सोलापूरच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून आहे. चढताना डोंगर पुढे उत्तरेला राहतो आणि तिन्ही उपग्रह पाठीमागे सोलापूरच्या मैदानावर मोकळ्या आकाशात असतात. उत्तरेच्या उतारावरचा घाट असता तर निकाल वेगळा लागला असता. माथ्यावर सोलापूरचे एफएमसुद्धा तामलवाडीपेक्षा स्वच्छ लागते. तुळजापूर गावात देवळाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर नवी पेठेचीच पुनरावृत्ती झाली. वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

गुरुवार, 11 जानेवारी 2024

गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदानाकडचे रस्ते आता काही दिवस बंद राहतील, म्हणून शहरातील उरलेली नोंद पुढे ढकलली.

भाऊजींनी विचारले की, एवढ्या मोजमापानंतर त्यांचा जुना संच गाडीत चालला असता का. नोंदींवरून उत्तर देता येते. एशियास्टार हा एकटा उपग्रह 51 अंशांवर होता. त्याला जोडीदार नव्हता आणि चार सेकंदांची उधारीही नव्हती. जीसॅट-15 एकट्याच्या नोंदीवरून पाहिले, तर मोकळ्या महामार्गावर बहुतेक वेळ आवाज मिळाला असता, प्रत्येक पुलाखाली तो तुटला असता, आणि झाडांच्या टप्प्यात रस्त्याच्या दिशेप्रमाणे तुटत राहिला असता. दहा अंश कमी उंचीमुळे एशियास्टारचे झाडांशी थोडे अधिकच वाकडे आले असते. पेठेत तर काहीच नाही. त्यांनी यावर संच पुन्हा कपाटात ठेवला.

झाडांच्या नोंदीत एक उणीव आहे. डिसेंबरात कडुनिंब पानांनी भरलेला असतो, आणि लहरींना अडवण्यात खोडापेक्षा पानांचा वाटा मोठा असतो; ओली पाने त्याहून अधिक अडवतात. अमेरिकेतील सेवेचा 2.3 गिगाहर्ट्झचा पट्टा आपण मोजलेल्या पट्ट्याहून वरचा असल्याने तेथे पानांचा अडथळा आणखी वाढतो, म्हणजे आपले आकडे त्या सेवेला लावताना झाडांपुरते उदारच ठरतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो. त्या वेळी बाळे ते मोहोळ हा झाडांचा टप्पा पुण्याकडे जाणाऱ्या बाजूने, ताशी 60 च्या स्थिर वेगाने पुन्हा मोजायचा, आणि तोच टप्पा पावसाळ्यात एखाद्या भिजलेल्या दिवशी परत घ्यायचा. टपावरचा अँटेना तोवर काढून ठेवला आहे, वायर मात्र बीडिंगमध्ये तशीच राहू दिली आहे.